कान लावायचं वल्हं

मित्रांनो, वल्हं म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर होडी येईल आणि ती हाकणारे दोन दंड येतील. माझ्याकडून ते काम फार थोडं घेतलं गेलं. मी जुनं वल्हं आहे, चौतीस वर्षांचं, आणि माझं काम ऐकण्याचं होतं.

सध्या मला देवबागला संचिताच्या होमस्टेच्या पडवीत दोन खिळ्यांवर आडवं टांगलं आहे. पाहुणे माझ्यावर ओले टॉवेल टाकतात. मागे एका पाहुण्याने फोटो काढताना विचारलं होतं, "ही एवढी लांब बॅट कसली?" त्याबद्दल माझी तक्रार नाही. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात सहा दिवसांत जे घडलं, ते जसं घडलं तसं तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म मसुऱ्याचा. उंडीचं झाड पाडलं आणि त्याचे तुकडे दत्तप्रसाद मेस्त्रींच्या अंगणात आले. संचिताचा बाप, सत्यवान, तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. त्याला साधं वल्हं नको होतं, कान लावायचं वल्हं हवं होतं. मेस्त्रींनी एकेका तुकड्याच्या टोकाला कान लावला आणि दुसऱ्या टोकाला सत्यवानला नखाने खरवडायला सांगितलं. तीन तुकडे त्यांनी बाजूला टाकले. चौथ्याला म्हणाले, "ह्या घेऊन जा. ह्या लाकूड थापो मारूचा नाय."

मसुऱ्याहून मालवणला मी एसटीच्या टपावरून आलो. कंडक्टर म्हणाला, "ह्येची तिकीट काढूक व्हयी." सत्यवान म्हणाला, "तेका बसाक सीट दे, मगे काढतंय." बसमधले लोक हसले आणि तिकीट निघालं नाही.

देवबागच्या किनाऱ्यावर रापण ओढतात. होडीतून मोठं जाळं अर्धगोल करून समुद्रात सोडायचं आणि चाळीस-पन्नास माणसांनी दोन बाजूंचे दोर धरून ते वाळूवर ओढत आणायचं, ही रापण. एकदा जाळं सोडलं की अख्खी सकाळ त्यात जाते. म्हणून सोडण्याआधी मासा आहे की नाही, ते कळायला हवं. आमच्या रापणीत ते कळवायचं काम सत्यवानचं. उजाडलं की तो लहान होडीतून थोडा आत जायचा, होडी थांबवायचा, माझं पातं पाण्यात सोडायचा आणि माझ्या मुठीला उजवा कान लावायचा. पाण्यातला आवाज लाकडातून वर चढतो. घोळ मासा जुन्या दाराच्या बिजागरीसारखा कुरकुरतो. ढोम्यांचा थवा आला तर टोपात तांदूळ ओतल्यासारखं वाटतं. कोळंबी तडतडते. सत्यवान दोन्ही हात वर करायचा, तेव्हा किनाऱ्यावरून जाळं निघायचं. हात छातीवर बांधले, तर त्या दिवशी नाही.

लोक त्याला नावाने हाक मारत नसत. "कानान काय सांगल्यान?" असं विचारत. पाहुणे आले की त्यांना दाखवत, तो बघा आमचा कान. मला दरवर्षी उंडीचं तेल मिळायचं. मला कुणी जमिनीवर ठेवत नसे.

थंडी सरता सरता आणखी एक आवाज यायचा, फार खालून आणि फार लांबून. सत्यवानच्या कानाला कळायच्या आधी तो मला कळायचा. रिकाम्या पिंपावरून जाड दोर ओढावा तसा, सावकाश. तो देवमाशाचा. त्याने रापणीचा काही फायदा नव्हता. तरी तो ऐकू आला की सत्यवान नेहमीपेक्षा जास्त वेळ कान लावून बसायचा, आणि घरी गेल्यावर मुलीला, संचिताला, सांगायचा, "आज तो इलो गो."

दोन वर्षांपूर्वी जितेंद्रने मासे दाखवणारं यंत्र आणलं. जितेंद्र आमच्या रापणीचा तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. चाळिशीतला, सत्यवानच्या चुलतभावाचा मुलगा. ते यंत्र पाण्यात आवाज सोडतं आणि माशाला आपटून परत आलेला आवाज मोजून पडद्यावर ठिपके दाखवतं. माझ्यात आणि त्याच्यात फरक एवढाच, की मी नुसतं ऐकतो.

"काकानू, तुमच्या वल्ह्याक चार्जिंग व्हया काय?" जितेंद्र विचारायचा.

"तुझ्या डब्यात उनाचा काय दिसता ता बघ आधी," सत्यवान म्हणायचा.

दोघे हसायचे. जानेवारीत मात्र सत्यवान दोनदा चुकला. दोन्ही वेळा त्याने हात वर केले आणि जाळ्यात जेलीफिश आणि प्लास्टिक आलं. चाळीस माणसांची सकाळ फुकट गेली. त्यानंतर रापणीची बैठक झाली. जितेंद्र म्हणाला, "शिमग्यापर्यंत बघूया. मगे ठरवूया, कान की मशीन." कुणी सत्यवानकडे बघितलं नाही. घरी आल्यावर त्याने मला तेल लावलं, महिन्याभरापूर्वीच लावलेलं असताना.

आता त्या आठवड्याकडे येतो.

रविवारी मच्छीमारांच्या मोबाईलवर एक सूचना आली. सोमवार ते शनिवार पश्चिमेला खोल समुद्रात युद्धनौकांचा सराव आहे, त्या भागात नौका नेऊ नयेत. कोणाच्या नौका, किती, मला सांगता येणार नाही. आमच्यापैकी कुणी ती सूचना पुरती वाचली नाही. रापण किनाऱ्याला असते. खोल समुद्राच्या सूचना आपल्यासाठी नसतात, अशी इथली जुनी समजूत आहे.

सोमवारी सकाळी सात दहाला सत्यवानने कान लावला. शीळ ऐकू आली. बारीक, सरळ, शेवटी थोडी चढत जाणारी. मग गप्प. सत्यवानने मनात आकडे मोजले. पंचविसाला पुन्हा शीळ. पुन्हा पंचवीस, पुन्हा शीळ. त्याने कान काढला, हाताने चोळला. पुन्हा लावला. शीळ होतीच. डावा कान लावला, तरी होतीच. घोळ कुरकुरत होती की नाही, ते त्या शिळेखाली कळेना.

तो बराच वेळ होडीत तसाच बसून राहिला. मग स्वतःशीच म्हणाला, "गेलो माझो कान."

त्याने किनाऱ्याकडे बघून हात छातीवर बांधले.

मंगळवारी तो मालवणला कानाच्या डॉक्टरकडे गेला. घरी सांगितलं, टॉर्चचे सेल आणायचे आहेत. डॉक्टरांनी मळ काढला आणि म्हणाले, "एकसष्ट वय म्हणजे थोडी शिट्टी वाजायचीच कानात. मनावर घेऊ नका." सत्यवानने सेल आणले. बुधवारी कान लावला. शीळ तशीच होती. त्या दिवशी माझ्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. देवमाशाचा तो सावकाश आवाज रविवारपर्यंत रोज येत होता. आता तो येत नव्हता.

हे कुणाला सांगायचं? जितेंद्रला सांगितलं, तर शिमग्यापर्यंत थांबायची गरजच उरली नसती. संचिताला सांगितलं, तर तिने डॉक्टरकडे जाऊ म्हटलं असतं, आणि डॉक्टर होऊन गेले होते. गुरुवारी सत्यवानने मला पाण्यात सोडलं, कान लावला आणि काही न ऐकता, अंदाजाने, दोन्ही हात वर केले. जाळ्यात बांगडा आला, बऱ्यापैकी. जितेंद्रने पाठीवर थाप मारली.

"मानला तुमका काकानू. माझ्या डब्यात चार ठिपकेपण नाय होते."

सत्यवान हसला. माझ्या मुठीवरचा त्याचा हात ओला होता.

शुक्रवारी सकाळी सात वीसला संचिताने अंगणातून हाक मारली, "बाबा, भायर येवा! वाळयेर काय्यतरी मोठा इला हा!"

सत्यवान होडीकडे निघाला होता, म्हणून मी त्याच्या हातात होतो. ओहोटीच्या ओल्या वाळूवर एक देवमासा पडला होता. साडेपाच मीटर लांब, राखाडी-तपकिरी, तोंडाला आखूड चोच. अंगावर जुन्या पांढऱ्या रेघा होत्या. डोक्यावरच्या छिद्रातून तो श्वास सोडत होता, फुस्स करून, आणि दोन श्वासांमध्ये इतका वेळ जात होता की दर वेळी लोकांना वाटायचं, संपलं.

साडेसातपर्यंत अख्खी वाडी जमली. पाहुणे मोबाईल घेऊन पुढे आले. संचिताने घरातल्या चादरी आणल्या आणि एकाला बादली दिली. "फोटो मागसून काढा. आधी पाणी हाडा."

रापणीच्या माणसांना समुद्रातून वस्तू ओढता येते, हे त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं कसब. जितेंद्रने रापणीचा दोर आणून माशाच्या शेपटीला बांधायला घेतला. दुसरं टोक इंजिनच्या होडीला. तेवढ्यात अनुजा आली. ही मुलगी समुद्री सस्तन प्राण्यांचा अभ्यास करते आणि तेव्हा कामासाठी मालवणला राहत होती. वनखात्याच्या दोन माणसांना घेऊन ती रिक्षातून उतरली आणि तिथूनच ओरडली, "शेपटीला दोर नको! मणका मोडेल त्याचा!"

"मगे खंय बांधूचो? तेका खांदो नाय, कमर नाय," जितेंद्र म्हणाला.

"खाली ताडपत्री घालायची. झोळीसारखं न्यायचं. आणि ते छिद्र उघडं ठेवा, चादर जाऊ देऊ नका तिथे."

तिचं सगळ्यांनी ऐकलं. वाळू खणून ताडपत्री सरकवली. अनुजाने माशाच्या डोक्याशी वाकून बघितलं, घड्याळ लावून श्वास मोजले आणि उभी राहिली. मग तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

"हा मासा खूप खोल समुद्रात राहतो. इथे किनाऱ्याला कधी येत नाही. खाली काळोख असतो, त्यामुळे तो आवाजाच्या मदतीनेच रस्ता काढतो. पाण्यात फार मोठा आवाज झाला, तर घाबरून भलतीकडे पळतो, एकदम वर येतो, आणि त्याच्या रक्तात हवेचे बुडबुडे होतात. म्हणून विचारते. गेल्या चार-पाच दिवसांत पाण्यात कुणी काही वेगळं ऐकलं का? शिट्टीसारखं काही? आवाज चालू असेल, तर आत्ता याला समुद्रात सोडून उपयोग नाही. परत वर येईल. मग आपण याला खाडीच्या तोंडाने आत नेऊ आणि शांत पाण्यात धरून ठेवू. आवाज नसेल, तर अकराच्या भरतीला सरळ बाहेर सोडू."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. जितेंद्र म्हणाला, "आमच्या काकांका इचारा. चौतीस वर्सा पाण्याक कान लावतत."

सगळे सत्यवानकडे वळले. बाया, पाहुणे, वनखात्याची माणसं. अनुजा दोन पावलं पुढे आली.

"काका, तुम्ही ऐकलं काही?"

तो माझ्यावर थोडा टेकला. मला त्याचा हात कळत होता, आणि त्या हातात काय चाललं होतं तेही कळत होतं. शीळ म्हणायची, तर कान गेल्याचं सगळ्या गावासमोर कबूल करायचं. आणि कान गेलेल्या माणसाच्या शिळेवर एवढा मोठा निर्णय कसा घ्यायचा, असंही त्याला वाटलं असेल. ते खोटं नसेल. पण आधीचं जास्त खरं होतं.

"नाय," सत्यवान म्हणाला. "काय नाय. रोजच्यासारख्याच."

अनुजाने मान हलवली. तिने ते वहीत लिहिलं.

भरती अकरा वीसला पुरती आली. तोवर पाणी माशाच्या डोळ्यांपर्यंत चढलं होतं. तीस माणसं कमरेइतक्या पाण्यात उतरली आणि त्यांनी ताडपत्रीच्या कडा धरल्या. "हां, हां, सावकाश, पाय सांभाळ रे मेल्या!" असं करत त्यांनी त्याला आत नेलं. मग इंजिनच्या होडीने ताडपत्री आणखी पुढे नेली. मासा थोडा वेळ कुशीवर राहिला. मग सरळ झाला, शेपूट हलवली आणि पश्चिमेकडे गेला. किनाऱ्यावर टाळ्या वाजल्या. "गेलो रे गेलो!" जितेंद्र ओरडला आणि पाण्यातच नाचला. कुणीतरी नारळ वाढवला. संचिताने सगळ्यांसाठी चहा ठेवला.

सत्यवानने चहा घेतला नाही. दुपारी कुणी नसताना तो होडी घेऊन गेला. मला पाण्यात सोडलं आणि कान लावला. पंचवीस आकड्यांनी शीळ आली. त्याने मला वर घेतलं आणि परत आला.

शनिवारी सकाळी मासा सापडला. उत्तरेला, तारकर्लीच्या बाजूच्या वाळूवर, आमच्यापासून दोन किलोमीटरवर. मेलेला. डोळ्यांच्या मागे जिथे त्याचे बारीक कान असतात, तिथून रक्त आलं होतं. हे मी पाहिलेलं नाही. संचिता बघून आली आणि पडवीत बसून तिने बापाला सांगितलं. सांगून झाल्यावर सत्यवान उठला आणि मला खांद्यावर टाकून चालत निघाला. दोन किलोमीटर तो न थांबता चालला.

अनुजा माशाशेजारी मोजपट्टी धरून बसली होती. सत्यवान तिच्यासमोर उभा राहिला.

"बाय, मी शीळ ऐकलंय. सोमवारपासून."

अनुजाने मोजपट्टी खाली ठेवली. "काल मी विचारलं तेव्हा?"

"तेव्हापण ठावक होता. माका वाटला माझ्याच कानात वाजता. डॉक्टरानपण तसाच सांगल्यान."

"कान वल्ह्यावरून काढला की शीळ थांबायची?"

सत्यवानने माझ्या मुठीकडे बघितलं.

"थांबायची."

"मग ती कानात नव्हती काका."

चौतीस वर्षं तो कान लावत होता आणि काढत होता. एवढी साधी गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही, इतका तो भीतीने ग्रासला होता.

अनुजाने मला मागून घेतलं. ती गुडघाभर पाण्यात गेली, माझं पातं खाली सोडलं आणि मुठीला कान लावला. तिने दहा मिनिटं ऐकलं. कोळंबीची तडतड होती. शीळ नव्हती. सराव एक दिवस आधीच आटोपला असावा. ती बाहेर आली, सूचनेतल्या तारखा बघितल्या आणि लिहायला बसली. लिहिता लिहिता ती मोठ्याने वाचत होती. सोमवार ते शुक्रवार, एका अनुभवी मच्छीमाराने पाण्याखाली ठरावीक अंतराने शिट्टीसारखा आवाज ऐकल्याचं सांगितलं. स्वतंत्र पडताळणी झालेली नाही. त्याच काळात खोल समुद्रात सराव जाहीर होता. वेळ जुळते, याहून अधिक सांगता येत नाही.

"आणि?" सत्यवान म्हणाला.

"आणि काय?"

"काल तुमी सगळ्यांसमोर इचारलास आणि मी नाय म्हटलंय. ता लिवा."

"त्याची गरज नाही काका. तो आतून फार दुखावलेला होता. खाडीत नेलं असतं तरी कदाचित वाचला नसता."

"कदाचित वाचलो असतो?"

अनुजाने वहीतून मान वर केली. "सांगता येत नाही."

"मगे लिवा."

तिने लिहिलं. त्याने खाली नाव लिहिलं, पूर्ण, आडनावासकट, आणि तारीख घातली. वनखात्याची माणसं खड्डा खणत होती. तो त्यांच्या मदतीला गेला आणि दुपारपर्यंत खणत राहिला.

त्याच दिवशी त्याने जितेंद्रला सांगितलं. मला वाटलं होतं, जितेंद्र हसेल किंवा शिव्या घालेल. तो दोर गुंडाळत होता. तो म्हणाला, "काकानू, कान तर बरोच आसा मगे. शिमग्यानंतरपण तुमीच लावा."

"कान बरो आसा," सत्यवान म्हणाला. "तोंड बरा नाय."

त्यानंतर तो होडीत गेला नाही. रापण आता यंत्रावर चालते आणि ठीक चालते. सत्यवान होमस्टेचं पाणी भरतो, नारळ सोलतो, पाहुण्यांना रस्ता सांगतो. मला संचिताने पडवीत टांगलं. त्याने एकदाही माझ्याकडे हात केलेला नाही. मला त्याचं काही वाटत नाही. पूर्वी काय काय वाटायचं, ते आठवतं. आता भिंतीतून समुद्र ऐकू येत नाही. पंखा ऐकू येतो, आणि बाजूच्या खोलीतला टीव्ही.

मित्रांनो, माझं मागणं दोन जणांकडे आहे. समुद्रात मोठे आवाज करणाऱ्यांनी आधी खाली कोण राहतं ते ऐकून घ्यावं. आवाज सोडण्याआधी थोडा वेळ ऐकायला काहीच अडचण नसते, मी ते रोज करत होतो. दुसरं मागणं तुमच्याकडे. जे ऐकाल, ते त्याच सकाळी सांगा. आपलंच काही बिघडलं असेल, लोक हसतील, आपली जागा जाईल, असं वाटलं तरी सांगा. खरं की खोटं, ते ठरवायला दुसरी माणसं असतात. त्यांच्याकडे तेव्हा वेळही असतो.

त्या शुक्रवारी अकरा वीसला वाळूवर दीडशेहून जास्त माणसं होती आणि सगळ्यांना तो मासा जगायला हवा होता. शीळ चालू आहे, हे त्यातल्या एकाच माणसाला ठाऊक होतं. मी त्याच्या हातात होतो.